लोबान जरूर जाळा, पण खिडकी उघडी ठेवून

जुमेरातची संध्याकाळ झाली की मोमीनपुरा, भवानी पेठेपासून कोंढव्यापर्यंत अनेक घरांत लोबानचा वास दरवळतो. रमजानमध्ये, घरात पाहुणे येणार असतील तेव्हा, नाहीतर पावसाळ्यात कपड्यांचा कुबट वास घालवायलाही आपण धुरी देतो. ही सवय चांगली की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. धुरी देताना कुणाला इजा होऊ नये, एवढंच सांगायचं आहे.

आधी वस्तू ओळखू या. उर्दूत ऊद म्हणजे अगरचं सुगंधी लाकूड. मराठीत मात्र ऊद म्हणजे बहुधा लोबानच, आणि उदबत्ती हा शब्दही त्यावरूनच आला. आपल्याकडचा लोबान हा झाडाचा वाळलेला चीक असतो आणि तो मुख्यतः सुमात्रा बेटाकडून येतो. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’ म्हणत. अस्सल लुबान, म्हणजे कुंदुर, ओमान, येमेन आणि सोमालियातल्या वेगळ्या झाडाचा. त्याच झाडाची बहीण सालई आपल्या सातपुड्याच्या जंगलात वाढते. यातलं काहीही जाळलं तरी एक गोष्ट सारखीच: चीक स्वतः नीट पेटत नाही, त्याला खाली निखारा लागतो. उदबत्ती आणि सुटा लोबान यांत फरक पडतो तो इथेच.

शाळेत ज्वलनाचा धडा शिकवताना मी मुलांना विचारते, “धूर दिसत नसेल तर हवा स्वच्छ आहे का?” बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. उत्तर ‘नाही’ आहे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि झोपेत असलेल्या माणसाला तर काही कळतच नाही.

पूर्वी पेठांतल्या वाड्यांना कौलं होती, लाकडी खिडक्यांना फटी होत्या; धूर आपोआप बाहेर जायचा. आता फ्लॅटमध्ये सरकत्या काचा घट्ट बसतात, वर एसीही असतो. पद्धत नानीच्या काळातली आणि खोली आजची, असं झालं आहे.

सर्वांत जास्त काळजी बाळंतिणीच्या खोलीची. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, धूप टाकून बाळाला धुरी द्यायची रीत आपल्याकडे हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या घरी आहे. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद आणि खाटेजवळ शेगडी! तान्ह्या बाळाची श्वासनळी अगदी बारीक असते आणि ते मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतं. त्यामुळे बाळाला धुरी देऊच नये. बाळाला ऊब हवी असेल तर टोपी, दुपटं आणि आईची कूस पुरेशी आहे. ज्येष्ठांना हे सांगताना वाद घालू नका. “अम्मी, डॉक्टरांनी धुराला मनाई केली आहे” असं म्हणा आणि डॉक्टरांनाच विचारून घ्या. घरात दमेकरी किंवा गरोदर बाई असेल तरीही धूर दूरच ठेवावा.

मोठ्यांच्या खोलीत लोबान जाळायचा असेल तर एवढं पाळा:

• समोरासमोरची एक खिडकी आणि एक दार उघडं ठेवा. चिमूटभर लोबान पुरतो. पाच-दहा मिनिटं झाली की लोबानदान गॅलरीत नेऊन ठेवा.

• लोबानदानात खाली वाळू किंवा राख घाला आणि ते फरशीवर ठेवा. सोफा, टीपॉय, गालिचा नको. पडदा, ओढणी, बुरख्याचा घेर यांपासून लांब ठेवा.

• निखारा चिमट्यानेच उचला. बाजारातल्या गोल कोळशाच्या वड्यांत लवकर पेटण्यासाठी बहुधा सोरा असतो, त्यामुळे ठिणग्या उडतात. रॉकेल किंवा स्पिरिट कधीही ओतू नका.

• गॅसचा वास येत असेल तर काडीही ओढू नका आणि विजेच्या बटणाला हात लावू नका. सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा.

• मुलांच्या हाती लोबानदान देऊ नका.

• निखारा राखेखाली बराच वेळ जिवंत राहतो. पाणी ओतून, पूर्ण थंड झाल्यावरच कचऱ्यात टाका.

भाजलं तर जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. धुराने कुणाला चक्कर आली तर आधी मोकळ्या हवेत न्या, मग 108 ला फोन करा. आगीसाठी 101.

मदिन्यात एका रात्री एक घर माणसांसकट जळालं, तेव्हा प्रेषितांनी (स.) झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवण्याची ताकीद दिली, असं हदीसमध्ये आहे. तेव्हा रात्री इशाच्या नमाजनंतर दिवे मालवताना लोबानदानावरही एक नजर टाकावी. सुगंध घरात राहील, निखारा राहता कामा नये.