घेणाऱ्या, सांभाळ!

पहिल्या पगारातून आईसाठी हिमरूची शाल घ्यायची, हे मी नोकरी लागण्याआधीच ठरवले होते. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळची गर्दी ओलांडून एका दुकानात शिरलो. "सूत आणि अस्सल रेशीम," दुकानदार म्हणाला. मी पैसे मोजले. बिल मागायला संकोच वाटला.

आईने शाल कौतुकाने उलगडली, उलट बाजूचा एक सुटा रेशमी धागा ओढला आणि पेटत्या काडीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. "दिसतं तसं नसतं, बाळा," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर मालकाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

'कॅव्हेट एम्प्टर' या लॅटिन शब्दांचा अर्थ, खरेदीदाराने सावध राहावे. कोर्टात 'कॅव्हेट' दाखल करतात, तो शब्दही हाच. आपल्याकडच्या बायकांना हे लॅटिन कधी शिकवावे लागले नाही. भेंडीचे टोक मोडून पाहणे, मडके टिचकी मारून घेणे म्हणजे दुसरे काय?

१९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ याच तत्त्वावर उभे आहे. पण त्यातच अपवादही आहेत. आपली गरज सांगून आपण विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबलो, तर माल त्या कामाचा निघाला पाहिजे. कलम १५ म्हणते, वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा. म्हणजे 'अस्सल रेशीम' हे दोन शब्द त्या दुकानदाराला बांधून ठेवत होते!

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत न घेणे हीसुद्धा. म्हणजे माल सदोष निघाला, तर त्या पाटीची ढाल आता चालत नाही.

मात्र कायद्यापुढे उभे राहायचे तर हाती कागद हवा. माझ्याकडे तो नव्हता.

आईने शाल टाकली नाही. कुणी विचारले, "रेशमाची का हो?" तर ती म्हणे, "नाही, मुलाने आणलेली." मी आजही शहागंजात खरेदीला जातो. आवडीने जातो. फक्त आता निघताना न लाजता म्हणतो, "शेठ, बिल द्या."