व्हिडिओ कन्व्हर्ट केला आणि आवाजच गेला? मूळ फाईल डिलीट करण्याआधी हे तपासा

लकडगंज असो की इतवारी, नागपुरातलं एखादं जुनं कपाट उघडलं की घरच्या शूटिंगचे थर सापडतात. सगळ्यात खाली व्हीएचएस कॅसेट, त्यावर लग्नाची व्हीसीडी, मग डीव्हीडी, हँडीकॅमचं मेमरी कार्ड आणि सगळ्यात वर कुणाचा तरी बंद पडलेला फोन. घरातलं कुणीतरी हौसेनं बसतं, सगळं एमपी४ मध्ये कन्व्हर्ट करतं आणि फॅमिली ग्रुपवर टाकतं. चित्र झकास दिसतं. पण आजी मांडवात काहीतरी बोलतेय, ओठ हलतायत आणि आवाज शून्य.

यानंतर जे होतं, तो खरा धोका. 'जुनीच रेकॉर्डिंग, खराब झाली असेल' असं म्हणून विषय संपतो आणि जागा रिकामी करायची म्हणून मूळ फाईलही डिलीट होते. जी व्यक्ती आता नाही, तिचा आवाज कदाचित त्या एकाच फाईलमध्ये होता.

खरं तर अशा बहुतेक वेळा आवाज नष्ट झालेला नसतो. तो फाईलमध्ये असतो, फक्त फोनला किंवा टीव्हीला तो वाचता येत नसतो.

आवाज फाईलमध्ये असतो तरी कुठे?

एमपी४, एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही ही नावं म्हणजे डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र एका कप्प्यात असतं आणि आवाज दुसऱ्या. हे दोन्ही दाबून-आवळून भरण्याची जी पद्धत असते, तिला कोडेक म्हणतात. चित्राचा कोडेक वेगळा, आवाजाचा वेगळा. त्यामुळे 'माझ्या फोनवर एमपी४ चालतो' या वाक्याला तसा फारसा अर्थ नाही. डबा उघडला, पण आतला एक पदार्थ फोनला पचलाच नाही, असं सहज होऊ शकतं. चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, त्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच.

ठळक उदाहरण हँडीकॅमचं. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी नावाचा फॉरमॅट आणला. त्याच्या फाईलच्या नावाला शेवटी एमटीएस लागतं. यात आवाज बहुतेकदा डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३ या कोडेकमध्ये साठवलेला असतो. डीव्हीडीवरही बहुतांश वेळा हाच असतो. पण अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये जे कोडेक असायलाच हवेत, त्या यादीत एसी-३ नाही. तो द्यायचा की नाही, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एकच फाईल काकाच्या फोनवर बोलते आणि मामाच्या फोनवर मुकी होते. दोघंही एकमेकांना 'तुझा फोन बघ' म्हणत बसतात!

अनेक कन्व्हर्टर वेळ वाचवण्यासाठी आवाजाला हातच लावत नाहीत. डबा बदलतात, आतला एसी-३ आहे तसा नव्या एमपी४ मध्ये सरकवतात. हँडब्रेकसारख्या प्रोग्राममध्ये या पर्यायाला 'पासथ्रू' म्हणतात. जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या एव्हीआय फाईलमध्ये आवाज पीसीएम प्रकारचा, म्हणजे न दाबलेला असतो. तोही एमपी४ मध्ये तसाच टाकला तर कित्येक प्लेअर गप्प बसतात.

तपासायचं कसं?

कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये मूळ फाईल उघडा. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत घेऊन येतो, म्हणून त्याला बहुतेक सगळं वाचता येतं. 'टूल्स' मेन्यूत 'कोडेक इन्फर्मेशन' आहे. तिथं चित्राचा आणि आवाजाचा प्रवाह वेगवेगळा दिसेल. आवाजाचा प्रवाह यादीत असेल आणि व्हीएलसीमध्ये ऐकू येत असेल, तर काळजीचं कारण नाही. उपाय एवढाच: चित्र आहे तसं ठेवायचं आणि आवाज एएसी कोडेकमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि साधारण १९२ केबीपीएस ठेवून पुन्हा कन्व्हर्ट करायचा. एएसी आजचे जवळपास सगळे फोन, टीव्ही आणि सोशल मीडियाचे ॲप वाचतात.

यादीत आवाजाचे दोन प्रवाह दिसले तरी गोंधळू नका. काही कॅमेरे आणि काही नवे आयफोन एकाच व्हिडिओत दोन ट्रॅक ठेवतात. कन्व्हर्टरनं नको तो ट्रॅक उचलला असेल, तर सेटिंगमध्ये दुसरा निवडून पाहा.

यादीत आवाजाचा प्रवाहच नसेल, तर तो त्या फाईलमध्ये नाही. मग ती फाईल जिच्यापासून बनली, ती शोधायची. कॅसेट, कार्ड, सीडी, जे असेल ते.

हेडफोनवर आवाज येतो, फोनच्या स्पीकरवर मात्र नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त चकवतो. कोडेक बरोबर, आवाजाचा ट्रॅक आहे, हेडफोन लावला तर भाषणही ऐकू येतं. हेडफोन काढला की भाषण गायब, आणि मागून टाळ्यांचा थोडा पोकळ आवाज तेवढा येतो.

कारण बहुतेक वेळा शूटिंगच्या दिवशीच घडलेलं असतं. गॅदरिंग, भजन, सत्कार अशा कार्यक्रमांत शूटिंगवाला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेतो. मिक्सरचं 'बॅलन्स्ड' आउटपुट एकच आवाज दोन तारांवर पाठवतं. एका तारेवर सरळ, दुसऱ्यावर उलटा. लांबच्या वायरमध्ये शिरणारी खरखर काढून टाकण्यासाठी ती युक्ती असते. पण ही वायर कॅमेऱ्याच्या स्टिरिओ माइकच्या खाचेत लावली, की कॅमेरा सरळ आवाज डाव्या बाजूला आणि उलटा आवाज उजव्या बाजूला नोंदवतो.

हेडफोनमध्ये दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज जातो, त्यामुळे जरा विचित्र वाटलं तरी ऐकू येतं. एकच स्पीकर असलेला फोन मात्र डावा आणि उजवा आवाज एकत्र करतो. अधिक एक आणि उणे एक, बेरीज शून्य. कन्व्हर्टरनं स्टिरिओचं 'मोनो' केलं तरी हेच होतं, आणि तेव्हा नव्या फाईलमधला आवाज कायमचा जातो. मूळ फाईल ठेवा असं सांगण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

उपाय मोफत आणि सोपा आहे. ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये आवाज उघडायचा, स्टिरिओ ट्रॅकचे दोन भाग करायचे, एक भाग टाकून द्यायचा आणि उरलेला मोनो म्हणून ठेवायचा. दोन्हीत एकच भाषण असल्यामुळे काही हरवत नाही. मग हा आवाज चित्राला परत जोडायचा.

फक्त एकाच कानात आवाज येत असेल तर प्रकरण याहून साधं आहे. जुन्या मोनो व्हीसीआरला आवाजासाठी एकच खाच असते. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. लाल पिनला जागाच नसते, म्हणून उजवी बाजू रिकामी राहते. तोच उपाय इथंही चालतो, फक्त आवाज असलेली बाजू ठेवायची.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो

इथं पहिला संशय फाईलवर नको, कानातल्या ब्लूटूथ इअरफोनवर घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला थोडा उशीर होतोच. वायरचा हेडफोन लावून बघा. फरक गेला तर फाईल ठीक आहे.

फरक राहिला, तर एकच प्रश्न विचारायचा: तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे, की वाढत जातो?

सारखा असेल तर चिंता नाही. विंडोजवरच्या व्हीएलसीमध्ये 'के' हे बटण दाबलं की आवाज दर वेळी ५० मिलिसेकंद मागे जातो, 'जे' दाबलं की तेवढाच पुढे येतो. किती वेळा दाबल्यावर ओठ जुळतात ते मोजा आणि तोच आकडा कन्व्हर्ट करताना द्या. डीव्हीडीच्या बाबतीत हा घोळ बऱ्याचदा एकेक व्हीओबी फाईल सुटी कन्व्हर्ट केल्यानं होतो. त्या फाईल एकाच फिल्मचे साधारण एकेक जीबीचे तुकडे असतात. त्याऐवजी पूर्ण 'व्हिडिओ टीएस' फोल्डर हँडब्रेकला द्यावा, तो क्रम नीट लावून घेतो.

माणसाच्या कानाला किती फरक कळतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, पण मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. हे अगदी स्वाभाविक आहे. वरातीत ४० मीटरवर वाजणाऱ्या ढोलाची टिपरी आधी दिसते आणि आवाज एक दशांश सेकंदाहून थोडा उशिरा कानावर येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय आहे. आधी येणारा आवाज निसर्गात नाहीच.

फरक वाढत जात असेल, म्हणजे हळदीला जुळतंय आणि पाठवणीला चार सेकंद चुकतंय, तर मोजण्यात गडबड झालेली असते. भारतातल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना मशीन दमलं आणि त्यानं तासाभरात १०० चित्रं गाळली, तर चित्र चार सेकंद पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो. यावर खरा उपाय म्हणजे कॅसेट पुन्हा घेणं. त्या वेळी बाकी सगळे प्रोग्राम बंद ठेवायचे आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर न करता कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर करायचं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटचा घोळ वेगळा. तिथल्या पद्धतीत सेकंदाला ३० नाही, २९.९७ चित्रं असतात. कन्व्हर्टरनं ३० धरली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

फोनवर केलेल्या शूटिंगमध्ये तिसराच प्रकार असतो. अंधार झाला की फोन सेकंदाला कमी चित्रं घेतो, उजेडात पुन्हा वाढवतो. फोनवर ते बरोबर चालतं, कारण प्रत्येक चित्रावर वेळ लिहिलेली असते. एडिटिंगचं ॲप मात्र अनेकदा सगळी चित्रं सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतं. एडिट करण्याआधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाईल एकदा काढून घेतली, की हा त्रास जातो.

आवाज कार्टूनसारखा चिरका येत असेल, तर मिनीडीव्ही कॅसेटवर संशय घ्या. त्या कॅमेऱ्यांत आवाजाच्या दोन सेटिंग असतात, ३२ आणि ४८ किलोहर्ट्झ. पहिल्या प्रकारचा आवाज दुसऱ्या मापानं वाजवला की दीडपट वेगानं पळतो आणि अर्ध्या तासाचं बोलणं २० मिनिटांत संपतं. एकाच कॅसेटवर दोन्ही सेटिंग असतील, तर जिथं बदल होतो तिथं फाईल तोडून दोन भाग वेगळे कन्व्हर्ट करावेत.

जुन्या बटणांच्या फोनवरच्या ३जीपी फाईलकडून मात्र जास्त अपेक्षा नको. त्यातला एएमआर कोडेक फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेला आहे. बोलणं बऱ्यापैकी कळतं, पण सनई, बँड किंवा लकडगंजातल्या आरा मशीनची सततची घरघर त्यात चिरडली जाते. जे रेकॉर्डच झालं नाही, ते कुठल्याही ॲपनं परत येत नाही.

जो आवाज फाईलमध्ये कधी नव्हताच

लग्नाच्या व्हीसीडी-डीव्हीडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मिक्सिंग करताना बऱ्याचदा मांडवातला मूळ आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी टाकली जायची. तेव्हा तेच हवं असायचं. आता मात्र त्या गाण्याखाली दबलेलं आजोबांचं बोलणं हवं असतं आणि ते त्या डिस्कवर नसतं. ते असलंच तर मिक्सिंगच्या आधीच्या रॉ कॅसेटमध्ये. ती घरच्या पेटीत आहे का पाहा, शूटिंगवाल्याचा पत्ता माहीत असेल तर एकदा विचारा.

हीच गाणी सोशल मीडियावर दुसरा घोळ घालतात. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब अपलोड होणारं संगीत आपोआप ओळखतात, आणि हक्क दुसऱ्याचे असतील तर तेवढ्या भागाचा आवाज बंद करू शकतात. गॅलरीत व्हिडिओ बोलतो आणि पोस्ट केल्यावर मुका होतो, याचं कारण बहुधा हे असतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट करून उपयोग नाही. आधी नोटिफिकेशन वाचा.

फॅमिली ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाईल तशी जाते आणि ॲप ती पुन्हा दाबत नाही. आणि कार्ड फॉरमॅट करण्याआधी नवी फाईल नुसती सुरुवातीचे दहा सेकंद पाहून सोडू नका. मधला एक भाग आणि शेवटची पाच मिनिटं, एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका.