दुचाकीवरून नेपाळ : भीती भलतीकडे, धोका भलतीकडे

मार्चअखेर द्राक्षाचा शेवटचा खुडा उरकला, की दिंडोरी, मोहाडी, खेडगाव, वणी या पट्ट्यातल्या तरुण जोडप्यांमध्ये एक विषय हमखास निघतो : यंदा गाडीवर लांब जायचं. पूर्वी लांब म्हणजे सापुतारा, फार तर गोवा. आता नेपाळचं नाव निघतं. आणि नाव निघालं रे निघालं, की सल्ले सुरू होतात. व्हिसा काढावा लागतो, दलालाशिवाय गाडी आत सोडत नाहीत, बुलेट नसेल तर विचारसुद्धा करू नका, बाईमाणसाला घेऊन परमुलखात कशाला जायचं. सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सीमा पाहिलेली नसते. हे एक वेळ चालेल. पण ज्या गोष्टींनी खरोखर घात होतो, त्यांच्याबद्दल या गप्पांत कोणी एक शब्द काढत नाही, याची मला काळजी वाटते. म्हणून हा लेख.

“छाटणी झाली की महिनाभर मोकळेच”

बागायतदार जोडप्याची पहिली चूक कॅलेंडरात होते. खरड छाटणी उरकून मे महिन्यात निघू, असा बेत ठरतो. प्रत्यक्षात छाटणीनंतरचे दोन महिनेच बागेला सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं. फुटी निघाल्या की विरळणी, मग सबकेन, शेंडा मारणं, आणि छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात काडीत सूक्ष्मघड तयार होतात. पुढच्या हंगामाचा माल तिथेच ठरतो. तेव्हा पोखऱ्यात बसून गड्याला फोनवरून बाग समजावता येत नाही.

खरी मोकळीक मिळते ती खुडा संपल्यावर आणि छाटणीच्या आधी, वेलीला पंधरा-वीस दिवसांची विश्रांती देतात तेव्हा. तेवढ्यात नेपाळ होतं. पिंपळगाव बसवंतला महामार्गाला लागायचं, मग चांदवड, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर आणि सोनौलीची सीमा. दीड हजार किलोमीटरांहून थोडं जास्त. दुचाकीवर दोघं आणि सामान असताना यासाठी चार दिवस धरावेत. तीन दिवसांत उरकणारे आहेत, पण चौथ्या दिवशी त्यांच्या कमरेला विचारावं.

उशिरा निघण्यात दुसराही तोटा आहे. जूनच्या मध्यापासून नेपाळात पावसाळा धरतो आणि डोंगरातले रस्ते खचू लागतात. भैरहवाहून पोखऱ्याला जाणाऱ्या सिद्धार्थ महामार्गावर बुटवलजवळचा सिद्धबाबाचा टप्पा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे, इतका की तिथे आता बोगदा खणला जातो आहे. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर दरडीने दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या. शाळेच्या सुट्टीचं निमित्त धरून जूनअखेर निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

“व्हिसा लागतो” आणि “आधार कार्ड पुरतं”

दोन्ही चूक. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, त्याचा आधार हा करार. पासपोर्टसुद्धा हवाच असं नाही, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र फक्त पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्ट वर्षांवरच्या प्रवाशांसाठी चालतं. मधल्या वयाच्यांसाठी ते प्रवासाचं कागदपत्र मानू नये, असं भारताच्या गृह मंत्रालयानेच स्पष्ट केलेलं आहे. सोनौलीला पायी ये-जा करणाऱ्यांना कोणी फारसं विचारत नाही, त्यावरून लोक निष्कर्ष काढतात. पण तुमच्याजवळ गाडी आहे, तिचा परवाना काढायचा आहे, मुक्काम करायचा आहे. तिथे ओळखपत्र लागतंच.

जोडप्यांची इथे एक खास अडचण असते. लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली तरी बायकोचं मतदार ओळखपत्र माहेरच्या नावाचं आणि निफाड किंवा चांदवडच्या पत्त्याचं. लग्नाचा दाखला सीमेवर कोणी मागत नाही, ती भीती सोडून द्या. मात्र मुक्कामाची नोंद, प्रवास विमा, वेळ आलीच तर रुग्णालयाचा कागद, सगळीकडे एकच नाव असलेलं बरं. नाव आणि पत्ता बदलण्यासाठी मतदार यादीचा नमुना ८ भरायचा. तो घरबसल्या भरता येतो, पण नवं ओळखपत्र हाती यायला वेळ लागतो. म्हणून हे काम द्राक्ष उतरण्याआधी, जानेवारीत करून ठेवावं.

“दलाल धरल्याशिवाय गाडी आत जात नाही”

सोनौलीची कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया. तिथे नेपाळचं सीमाशुल्क कार्यालय आहे आणि गाडीचा जो परवाना मिळतो त्याला सगळे ‘भन्सार’ म्हणतात. कमानीजवळ गाडीचा वेग कमी झाला की दोघं-तिघं हँडलला हात लावून “भन्सार करवा दें?” म्हणतात. घाबरून जाऊ नका आणि कागद त्यांच्या हाती देऊ नका. खिडकीवर आपणच जायचं, गाडीचं आरसी, वाहन परवाना आणि ओळखपत्र दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं आणि दिवसाच्या हिशेबाने शुल्क भरून पावती घ्यायची. वाहतूक कार्यालयाचा वेगळा परवानाही तिथूनच होतो. मी म्हणेन, ठरवलेल्या दिवसांपेक्षा एक-दोन दिवस जास्तच लिहून घ्या. वाटेत दरड पडली किंवा कोणी आजारी पडलं तर मुदत उलटते, आणि मुदत उलटली की दंड. परदेशी खासगी गाडीला वर्षभरात एकूण तीस दिवसांचीच मुभा असते, हेही ध्यानात असू द्या.

गाडी खरी अडते ती दोन कारणांनी. एक म्हणजे आरसीवर वडिलांचं नाव. आपल्याकडे निम्म्या गाड्या वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असतात आणि गावात कोणाला त्याचं काही वाटत नाही. सीमेवर मात्र मालक समोर नसेल तर गाडी कोणाची, हा प्रश्न रास्तच आहे. वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, त्यात गाडीचा क्रमांक, चालवणाऱ्याचं नाव आणि प्रवासाची मुदत, एवढं सोबत असावं. दुसरं कारण म्हणजे सगळे कागद मोबाईलमध्ये. डिजिलॉकरमधलं आरसी इथे दिंडोरी नाक्यावर चालतं, कारण तसा भारताचा नियम आहे. नेपाळला तो बांधील नाही. मूळ कागदच न्यायचे.

आणि ते कागद गाडीच्या पेटीत ठेवायचे नाहीत. योगेश अळेकरी हे मराठी दुचाकीस्वार मे २०२५ मध्ये मुंबईहून निघून दुचाकीने इंग्लंडपर्यंत पोचले आणि ऑगस्टअखेर नॉटिंगहॅममध्ये त्यांची गाडी सामानासकट चोरीला गेली. पासपोर्टही त्यातच गेला. इतके देश पार केलेल्या अनुभवी माणसावर ही वेळ आली. ओळखपत्र आणि भन्सारची पावती कमरेच्या पट्ट्यात, छायाप्रती जोडीदाराकडे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

“गाडीचा विमा आहे ना, मग झालं”

नाही झालं. या लेखातलं एकच काही वाचायचं असेल तर हे वाचा.

आपली पॉलिसी काढून बघा. त्यावर भौगोलिक क्षेत्र असा रकाना असतो आणि त्यात लिहिलेलं असतं : भारत. याचा अर्थ सरळ आहे. कमान ओलांडल्यापासून परत येईपर्यंत तुमची गाडी विनाविम्याची आहे. पलीकडे कोणाला धडक बसली, गाडी दरीत गेली, चोरीला गेली, तरी कंपनीकडे मागण्यासारखं काही उरत नाही. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. ‘आयएमटी १’ नावाची पुरवणी जोडून घेता येते. तिने विम्याचं क्षेत्र थोड्या जादा हप्त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत वाढवता येतं. ऑनलाईन पॉलिसी काढताना हा पर्याय सहसा समोर येत नाही, म्हणून लोकांना तो माहीत नाही. कंपनीच्या शाखेत जाऊन किंवा लेखी मागूनच तो करून घ्यावा लागतो, आणि तोही निघण्यापूर्वी. बेलहियात पोचल्यावर फोन करून उपयोग नाही.

दुसरा मुद्दा मागे बसणाऱ्याचा, म्हणजे बहुतेक वेळा बायकोचा. पॉलिसीत पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते ‘मालक-चालका’चं. मागच्या सीटवरच्या व्यक्तीचा त्यात समावेश नसतो. हप्ता वाचवण्यासाठी अनेकजण जुन्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा काढतात आणि समजतात की मागे बसणारी ‘थर्ड पार्टी’च आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात सांगितलं, की कायद्याने सक्तीच्या असलेल्या एवढ्याच पॉलिसीखाली मागे बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. तेव्हा सर्वसमावेशक पॉलिसी घ्या आणि सहप्रवाशाचं अपघात संरक्षण वेगळं पैसे भरून जोडा. गाडी आलटूनपालटून चालवणार असाल तर आणखी एक गोष्ट : गाडी नवऱ्याच्या नावावर असताना बायको चालवत असेल, तर मालक-चालकाचं ते पंधरा लाखांचं संरक्षण तिला मिळत नाही. तिच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा हवा. घरातलं मेडिक्लेमही बहुतेक वेळा भारतातल्या उपचारांपुरतंच असतं, म्हणून दोघांचा प्रवास विमा काढावा.

हा सगळा खर्च एका नव्या टायरच्या आसपास येतो. जोडपी सामानाच्या पेट्यांवर, जॅकेटवर, कॅमेऱ्यावर हजारो रुपये घालतात आणि इथे हात आखडतात, हे मला पटत नाही.

गाडी, ऊन आणि टायर

मोठीच गाडी हवी, हा समज टिकणारा नाही. नेपाळच्या रस्त्यांवर दीडशे ते दोनशे सीसीच्या भारतीय गाड्याच सर्वांत जास्त दिसतात. चाकणला बनलेल्या पल्सरचा क्लच प्लेट किंवा ब्रेक शू पोखऱ्यात सहज मिळतो, महागड्या आयात गाडीचा मिळणार नाही. गाडी किती सीसीची यापेक्षा ती दोन माणसं आणि सामानाचं वजन पेलते का, ते बघा. कमाल वजन किती ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं.

“उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो” हे पंक्चरवालाही सांगतो आणि ते धोक्याचं आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, कडेने वाकत राहतो आणि त्या वाकण्यानेच अधिक तापतो. सकाळी गाडी गार असताना, दोघांच्या वजनासाठी पुस्तिकेत दिलेला दाब मोजून भरायचा. दुपारी गरम टायरमधला वाढलेला दाब पाहून हवा सोडायची नाही.

झाशी ते कानपूर हा बुंदेलखंडाचा पट्टा एप्रिलअखेर भाजून काढतो. वारा लागावा म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसणं चुकीचं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की वारा अंग थंड करत नाही, तापवतो. वर घाम अंगावर दिसायच्या आत सुकतो, त्यामुळे शरीरातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. पूर्ण बाह्या, जाळीचं जॅकेट, मीठ-साखर-पाणी, आणि सकाळी अकरा ते दुपारी चार झाडाखाली नाहीतर ढाब्यावर. मागे बसणाऱ्याला झोप लागते, ती थकव्याची खूण समजा आणि थांबा.

सामानाच्या पिशव्या बसाव्यात म्हणून साडी गार्ड काढून टाकतात. मागच्या चाकावरचं हे आवरण, हाताची पकड आणि पायदान केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीचं केलं आहे. ओढणी किंवा पिशवीचा बंद चाकात जाऊन झालेले अपघात आपल्या तालुक्यानेही पाहिले आहेत. पिशवी लहान घ्या, गार्ड राहू द्या. हेल्मेट दोघांना, आयएसआय खुणेचं, कायद्यानेही दोघांनाच सक्तीचं.

पैसे, दारू, आणि “आता पुढे थायलंडही होतं”

एका भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यात घासाघीस करू नका. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, त्यामुळे शंभराच्या नोटा न्याव्या हेच निर्धोक. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय दुकानांतून चालतं. हे फोनपे म्हणजे नेपाळी कंपनी, आपल्याकडचं ॲप नव्हे.

नेपाळात सगळं चालतं, असं समजून कोणी पिऊन गाडी चालवू नये. तिथे वाहन चालवताना मद्याला शून्य सवलत आहे आणि तपासणी कडक असते.

भूतानलाही व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना लागतो आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना माणशी रोज रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. दोघांचे सात रात्रींचे १६,८०० रुपये फक्त शुल्काचेच होतात. त्यात गाडीचं शुल्क आणि थिंफू-पारोच्या पुढे वाटाड्या सक्तीचा. नेपाळचे नियम भूतानला लावून निघालेली जोडपी सीमेवरच्या जयगावहून परततात.

आणि म्यानमारमार्गे थायलंड? भारत–म्यानमार–थायलंड महामार्ग अजून पूर्ण नाही. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारातून पर्यटकाने गाडी नेण्याचा मार्ग बंदच आहे, आणि थायलंडही परदेशी गाडीला आधी परवानगी काढल्याशिवाय आत घेत नाही. काठमांडूहून तिबेटला जायचं तर चीनचा अधिकृत वाटाड्या, गाडीचा परवाना आणि तात्पुरतं लायसन्स आधी लागतं. त्या वाटेवरचा रसुवागढीचा सीमेवरचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. कार्नेट नावाचं गाडीचं सीमाशुल्क हमीपत्र अशा लांबच्या देशांसाठी लागतं, ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं. नेपाळ-भूतानला ते लागत नाही, तेव्हा त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

यंदा जायचं ठरलं असेल, तर पहिलं काम म्हणून आजच पॉलिसीचा कागद काढा आणि भौगोलिक क्षेत्राचा रकाना दोघांनी मिळून वाचा.