कर्नाळ्याचा ससा वेगळा, दुकानातला वेगळा

‘घरचा पांढरा ससा आता सांभाळणं होत नाही, कर्नाळ्याच्या जंगलात सोडला तर चालेल का?’ पनवेलच्या एका वाचकाचा हा प्रश्न. कृपा करून सोडू नका. तो तिथे फार दिवस जगणार नाही.

दुकानातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात कळपाने राहणारा. आपल्या माळावर, भातकापणी झालेल्या शेताच्या बांधावर तिन्हीसांजेला दिसतो तो काळ्या मानेचा रानससा. हा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरती खळगी करून त्यात दबून बसतो आणि अगदी पाय पडायची वेळ आली की उसळून पळतो. त्याचं जवळचं नातं अमेरिकेतल्या जॅकरॅबिटशी. दोघंही ‘लेपस’ प्रजातीचे. रानसशाची गुणसूत्रं 48, पाळीव सशाची 44, त्यामुळे दोघांचा संकर होत नाही. ‘सशाचं काळीज’ म्हणत आपण भित्र्या माणसाला हिणवतो खरे, पण ‘लेपस’ सशांचं हृदय शरीराच्या मानाने पाळीव सशापेक्षा कितीतरी मोठं असतं. लांब पल्ल्याची धाव त्याच जोरावर.

जॅकरॅबिटच्या कानांची गोष्ट तर मला विलक्षण आवडते. वाळवंटात प्यायला पाणी नाही, त्यामुळे घाम गाळून किंवा धापा टाकून अंग थंड करणं परवडत नाही. मग भर दुपारी तो तगतो कसा? क्नुट श्मिट-निल्सन या शरीरशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 1965मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. ससा झुडपाच्या सावलीत बसतो. उत्तरेकडचं निरभ्र आकाश सभोवतालच्या जमिनीपेक्षा पुष्कळ थंड असतं, आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले ते मोठाले कान अंगातली उष्णता किरणांच्या रूपाने त्या आकाशाकडे सोडून देतात. गाडीच्या रेडिएटरची उपमा सगळे देतात, पण सावलीचा उल्लेख गाळतात. सावली नसेल तर तेच कान उन्हात तापतील. सगळं श्रेय एकट्या कानांना देणं बरोबर नाही.

रानससा आणि पाळीव ससा यांच्यातला खरा फरक मात्र जन्मातच दिसतो. पाळीव सशाचं पिल्लू महिनाभरात जन्मतं: उघडं, आंधळं, आईने स्वतःची लव उपटून केलेल्या मऊ अंथरुणात. रानसशाचं पिल्लू पोटात जास्त दिवस राहतं आणि अंगभर केस, उघडे डोळे घेऊनच बाहेर येतं. काही वेळातच ते हालचाल करू लागतं. आई त्याच्याजवळ थांबत नाही, कारण तिच्या वासावर कोल्हा येईल. अंधार पडताना येते, काही मिनिटं दूध पाजते, निघून जाते.

म्हणूनच शेतात एकटं, निपचित बसलेलं पिल्लू दिसलं की अनेकांना ते टाकून दिलेलं वाटतं. ते दयेपोटी उचलून घरी आणतात, बाटलीने दूध पाजतात आणि पिल्लू बहुधा दगावतं. जखमी नसेल तर त्याला हात लावू नका, कुत्री मात्र लांब ठेवा. रानससा पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972नुसार गुन्हा आहे. जखमी पिल्लू मिळालं तर वनखात्याला कळवा. आणि घरच्या पांढऱ्या सशासाठी सांभाळणारं दुसरं घर शोधा.