रंगूनची चव, चेन्नईचा पदपथ

आवडी हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. चेन्नईच्या पश्चिमेकडील हे गाव ओळखले जाते ते मात्र रणगाड्यांच्या कारखान्यासाठी आणि जानेवारी १९५५ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला तो याच अधिवेशनात. संरक्षण खात्याच्या आस्थापनांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे येथे बदलीवर येतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही असतात. इडली-डोशाची नवलाई ओसरली की सुटीच्या दिवशी काही वेगळे खावे असे मुलांना वाटू लागते. कोलकात्यासारखे एखादे ‘चायनाटाऊन’ येथे आहे का, अशी चौकशी मग सुरू होते.

तसे चायनाटाऊन चेन्नईत नाही. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात भल्या सकाळी चिनी न्याहारी मिळते. मुंबईत माझगावचे चिनी देऊळ एका लहानशा वस्तीची खूण सांगते. चेन्नईच्या वाट्याला मात्र पूर्वेकडची चव आली ती ब्रह्मदेशामार्गे, आणि ती आणणारे लोक चिनी नव्हे, तमिळच होते. आवडीहून चेन्नई बीचला जाणारी लोकल पकडली की त्या चवीपर्यंत थेट पोहोचता येते.

हा प्रवासही डोळसपणे करण्याजोगा आहे. अंबत्तूर, विल्लिवाक्कम, पेरांबूर ही स्थानके मागे पडली की व्यासरपाडी जीवा येते. ब्रह्मदेशातून परतलेल्या अनेक कुटुंबांनी याच व्यासरपाडीत पुन्हा संसार मांडला. पुढे १८५६ मध्ये सुरू झालेले, दक्षिण भारतातील पहिले रेल्वेस्थानक रोयापुरम लागते, आणि मग बंदराशेजारचे चेन्नई बीच. थेट गाडी नसेल तर सेंट्रलला उतरावे, रस्त्यापलीकडील पार्क स्थानकावर जावे आणि तेथून दोन स्थानकांचा प्रवास करावा.

स्थानकाबाहेर राजाजी सालै या रस्त्यालगत चिकटून उभ्या असलेल्या छोट्या दुकानांची लांबलचक रांग म्हणजे बर्मा बाजार. मोबाइलची आवरणे, चार्जर, घड्याळे, अत्तरे असा माल येथे मांडलेला दिसतो. नावात बर्मा असले तरी बर्मी वस्तू शोधू जाणाऱ्याची निराशाच होईल. हे नाव मालाचे नसून माणसांचे आहे.

ब्रिटिश अमदानीत तमिळ मजूर, कारकून आणि व्यापारी मोठ्या संख्येने ब्रह्मदेशात गेले. १९३१ च्या सुमारास रंगून शहराच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक भारतीय होते. शेतकऱ्यांना भातशेतीसाठी कर्ज देत ते नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकार. १९३० नंतरच्या मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि तारण ठेवलेल्या जमिनी सावकारांकडे आल्या. दक्षिण ब्रह्मदेशातील प्रमुख भातउत्पादक जिल्ह्यांत सुमारे एक चतुर्थांश शेतजमीन त्यांच्या मालकीची झाली. थकलेल्या कर्जातून मिळालेली ही मालमत्ता त्यांना पुढे लाभली नाहीच, उलट स्थानिकांचा रोष तेवढा पदरी पडला. बँकिंगच्या इतिहासाशीही या नात्याचा धागा जुळतो. एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी १० फेब्रुवारी १९३७ रोजी इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन केली, तेव्हा कारैक्कुडी व मद्रास यांबरोबरच रंगूनमध्येही तिचे काम सुरू झाले होते.

जपानी आक्रमणामुळे १९४२ मध्ये लाखो भारतीयांनी ब्रह्मदेश सोडला. अनेकांनी आसाम-मणिपूरची वाट पायी तुडवली आणि कित्येक वाटेतच दगावले. युद्धानंतर काही परत गेले. मात्र मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांच्या लष्करी राजवटीने सत्ता घेतली, १९६३ मध्ये बँका आणि १९६४ मध्ये दुकाने सरकारजमा झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द झाल्या. दुकान गेले आणि घरात जपून ठेवलेली रोकडही कागद ठरली. जहाजावर चढताना सोबत नेता येणाऱ्या ऐवजावर कडक निर्बंध होते. पिढ्यानपिढ्या तेथे राहिलेली माणसे अशा रीतीने जवळपास रिकाम्या हातांनी मद्रासच्या धक्क्यावर उतरली. काहींना येथे करमले नाही. परत जाण्यासाठी ती मणिपूरच्या सीमेपर्यंत गेली, पण पलीकडे प्रवेश न मिळाल्याने मोरे गावीच स्थायिक झाली. तेथील तमिळ वस्ती ही त्याचीच खूण होय.

या परतलेल्यांच्या उपजीविकेसाठी १९६९ मध्ये बर्मा बाजार उभा राहिला. परदेशी माल दुर्मीळ होता त्या काळात रेडिओ, कॅमेरा, घड्याळ घेण्यासाठी येथे झुंबड उडे. त्यातला सगळाच माल जकात भरून आलेला नसे, हे शहराला ठाऊक होते. १९९१ नंतर आयात खुली झाली आणि बाजाराचे ते आकर्षण ओसरले. टिकून राहिले ते खाणे.

बाजारामागच्या सेकंड लाइन बीच या रस्त्यावर दुपार कलली की हातगाड्या लागतात. येथील मुख्य पदार्थ अथो. ‘अथोक’ या बर्मी शब्दाचा अर्थ हाताने कालवलेले. तमिळ जिभेने त्याचा शेवट गाळला इतकेच. उकडलेल्या जाड, केशरट नूडल्समध्ये बारीक चिरलेली कच्ची कोबी, कांदा, चिंचेचा कोळ, तिखट, भाजलेल्या डाळीचे पीठ, तळलेल्या कांदा-लसणीचे तेल आणि कोथिंबीर घालून गाडीवाला सारे बोटांनी झपाझप कालवतो. वरून बेजो नावाची कुरकुरीत तळलेली चकती चुरून घालतात. मराठी खवय्याला चौपाटीवरील भेळ आठवली तर नवल नाही. आंबट, तिखट, कुरकुरीत यांचा मेळ तोच. हे नूडल्स गरम नसतात, हे मात्र आधीच सांगितलेले बरे. ज्यांना गरमच हवे त्यांच्यासाठी तव्यावर परतलेला प्रकार असतो, पण त्यात कोबीचा करकरीतपणा हरवतो.

सोबत वाटीभर गरम सूप येते. केळीच्या खोडाचा गाभा घातलेले हे सूप म्हणजे ब्रह्मदेशातील न्याहारीच्या मोहिंगाचे रूपांतर. मूळ मोहिंगा माशांच्या रश्श्यात करतात. येथे अनेक गाड्यांवर मासा वगळला जातो. सूप संपले तर पुन्हा मागण्यास संकोच करू नये, तशी पद्धतच आहे. मसाला अंडे हा तिसरा पदार्थ. उकडलेल्या अंड्याला चीर देऊन त्यात तळलेला कांदा, लसूण, तिखट आणि चिंचेचे पाणी भरतात आणि ते एका घासात तोंडात टाकायचे असते. मुंबईच्या हॉटेलांत नारळाच्या दुधातील ‘खाउ स्वे’ चाखलेल्यांना तो येथे मिळेलच असे नाही; गाडीवरची चव त्याहून रांगडी आहे.

शाकाहारींनी सूप व नूडल्स यांबद्दल आधी विचारून घ्यावे. ‘मुट्टै’ म्हणजे अंडे, एवढा एक तमिळ शब्द पुरतो. बसण्याची सोय जवळपास नाही, ताटली हाती धरून उभ्यानेच खायचे. अंधार पडण्यापूर्वी आलेल्यांनी राजाजी सालैवरील स्टेट बँकेची लाल रंगाची देखणी वास्तू अवश्य पाहावी. १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झालेल्या बँक ऑफ मद्रासची ती वास्तू.

अलीकडे अथोच्या गाड्या शहराच्या इतर भागांतही दिसतात आणि सर्वच गाडीवाले ब्रह्मदेशातून आलेल्या कुटुंबांतील नसतात. घरी नेण्यासाठी बांधून घेताना सूप आणि बेजो वेगळे बांधण्यास सांगावे. आवडीपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासात बेजो मऊ पडला, तर अथोतली निम्मी गंमत वाटेतच संपते.