जुन्या कॅम्परचा कार्ब आणि सत्तरीचा पाऊस

पारा पंचवीस अंशांवर, हवा ओलीचिंब, अशा जुलैतल्या दिवशी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईला, बर्फ जमू शकतो. तो जमतो जुन्या फोक्सवॅगन कॅम्परच्या इंजिनात, कार्ब्युरेटरच्या घशाशी आणि त्याखालच्या नळीत. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. धातू वीसेक अंशांनी थंड पडू शकतो आणि दमट हवेतलं पाणी आतल्या आत गोठतं. गाडी आयडलिंग धरत नाही, चौकात बंद पडते. पाच-दहा मिनिटं उभी राहिली की इंजिनाच्या धगीनं बर्फ वितळतो आणि गाडी पहिल्या स्टार्टरला चालू होते. मेस्त्री येईपर्यंत दोषाचा मागमूस उरत नाही.

गोव्याला या गाड्या नव्या नाहीत. जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीनं १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपायची-स्वयंपाकाची सोय बसवायला सुरुवात केली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा रस्ता कापत त्यातल्या काही हणजुण्यापर्यंत पोचल्या. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं सोव्हिएत सैन्य यांनी तो रस्ता तोडला. पुढे घरं केलेल्या व्हॅन पेडण्यात हरमलच्या बाजूलाही दिसू लागल्या. बेळगावहून येणारी गाडी चोर्ला घाट उतरून सत्तरीत केरीला येते आणि साखळी-डिचोलीकडे जाते. वाळपई या वाटेपासून फार दूर नाही. शिवाय गोव्यातल्या सर्वांत पावसाळी ठिकाणांत तिची गणना होते, वर्षाचा आकडा चार हजार मिलीमीटरच्या घरात जातो. कार्ब्युरेटरची एवढी कसून परीक्षा घेणारी हवा कोकणपट्टीतही थोड्याच ठिकाणी असेल.

या व्हॅनचं सर्वांत ओळखीचं इंजिन १,५८४ सीसीचं, हवेनं थंड होणारं, मागच्या बाजूला बसवलेलं. १९७१ च्या मॉडेलपासून त्यावर सोलेक्स कंपनीचा ३४ पिक्ट-३ हा कार्ब आला. मुठीएवढी वस्तू, पण काम नाजूक. घशाच्या अरुंद भागातून हवा वेगानं जाते, तिथला दाब घटतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ढकलतो. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. हे गणित आयडलिंगपासून पूर्ण रेसपर्यंत, थंड इंजिनापासून तापलेल्या इंजिनापर्यंत, पितळेच्या चार-दोन छिद्रांनी सांभाळायचं असतं.

म्हणूनच कार्ब 'बनवणं' हे उतावळ्या माणसाचं काम नाही. आधी बाहेरून तपासणी. थ्रॉटलचा शाफ्ट बोटांत धरून हलवायचा. पन्नास वर्षांच्या वापरानं त्याची भोकं लंबगोल झालेली असतात आणि तिथून कार्ब 'हवा घेतो'. चालू इंजिनावर शाफ्टच्या टोकाशी क्लीनरचा फवारा मारला आणि रेस बदलली, तर दुखणं तिथेच आहे. ते नव्या किटनं बरं होत नाही. भोकं लेथवर मोठी करून पितळी बुश बसवावे लागतात. कित्येक कार्ब याच एका कारणानं भंगारात जातात, हे वाईट आहे, कारण बाकीचं अंग ठणठणीत असतं.

मग खोलणं. पॅकिंग, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, फ्लोटची नीडल हे सगळं नवं घ्यायचं. जेट तारेनं कधीही साफ करायचे नाहीत. सोलेक्सच्या मेन जेटवरचा १२७.५ हा आकडा म्हणजे १.२७५ मिलीमीटरचं छिद्र, आणि तारेच्या एका ओरखड्यानं ते माप कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवून दाबाची हवा मारली की पुरे. वाटीतल्या पेट्रोलची पातळी नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीनं ठरते. तो जुना वॉशर फेकून हाती लागेल तो बसवला, की ओव्हरफ्लो नाहीतर मिसिंग ठरलेलं.

एक जागा मात्र जिवावर बेतणारी आहे. पेट्रोलचा पाइप जोडायची छोटी पितळी नळी कार्बच्या वरच्या भागात नुसती ठोकून बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी ती सैल होते, निसटते, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची धार लागते. फोक्सवॅगन बस जळण्याच्या कारणांत ही नळी आणि चिरलेले रबरी पाइप पुढे असतात. कॅम्परमध्ये तर इंजिनाच्या डोक्यावरच गादी अंथरलेली असते. रीबिल्डमध्ये ही नळी काढून आटे पाडलेली बसवण्याचं काम कुणीही पुढे ढकलू नये.

इंधनही आता बदललं आहे. देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे या मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. जुना जेट तसाच ठेवला तर इंजिन लीन चालतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला लीन मिश्रणाची धग सोसत नाही. आठेक टक्के जास्त पेट्रोल हवं, म्हणजे छिद्राचा व्यास चारेक टक्के मोठा: १२७.५ च्या जागी १३२.५. सुरुवात इथून करावी आणि स्पार्क प्लगचा रंग पाहत पुढचं ठरवावं. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं किंवा कडक होतं, म्हणून पाइप फ्लोरोइलॅस्टोमरचे घ्यावेत. इथेनॉल हवेतली ओलही शोषतं. पावसात महिनोन् महिने उभ्या गाडीच्या वाटीत मग पांढरी भुकटी साचते. ब्राझीलनं १९७५ मध्ये इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि तिथे अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या कार्बना निकेलचा मुलामा देऊ लागले. सत्तरीच्या डोंगरांवरचा काजूही मूळचा ब्राझीलचाच. तो पोर्तुगीजांनी आणला. हा मुलामा मात्र इकडच्या जुन्या कार्बना कधी लाभला नाही.

सोलेक्स काढून वेबर कंपनीचा कार्ब बसवायचा मोह अनेकांना होतो. दोन्ही बाजूंना एकेक ४० आयडीएफ बसवला तर इनटेकच्या नळ्या आखूड होतात, बर्फाचा प्रश्न बराचसा मिटतो आणि ताकद वाढते. पण दोन्ही कार्ब एका वेळी, एका मापानं उघडायला हवेत, आणि ती जुळणी खडबडीत रस्त्यावर टिकवणं सोपं नाही. मधोमध एकच ३२/३६ वेबर बसवणं हा स्वस्त मार्ग या हवेत सर्वांत वाईट. घसा मोठा, नळी तेवढीच लांब आणि थंड. दमट प्रदेशात घरासारखी वापरायची गाडी असेल, तर नीट बनवलेला मूळ सोलेक्सच योग्य. त्यासोबत इनटेकखालची गरम धुराची नळी साफ हवी. सायलेन्सरची उष्णता वर नेणारी ही बारीक नळी काजळीनं बुजते, आणि जुलैतल्या त्या बर्फाचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं.

कार्बवर हात बसवायला परदेशी व्हॅनच हवी असं नाही. ७९६ सीसीची मारुती ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. तिच्या जुन्या मॉडेलांत कार्बच असे, आणि घरगुती कॅम्पर करायला आजही लोक ओम्नी शोधतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनही कार्ब जवळपास गेला. कास्ट आयर्न बुलेटचा मिककार्ब खोलून ज्यांचे हात तयार झाले, त्यांना सोलेक्स अवघड नाही. वाटी, फ्लोट, नीडल, जेट सगळीकडे तेच. अशा हातांशेजारी नव्या मुलांनी आत्ताच बसून शिकायला हवं.

ट्यूनिंग गरम इंजिनावरच करायचं. ३४ पिक्ट-३ वर दोन स्क्रू शेजारीशेजारी असतात. मोठ्या बायपास स्क्रूनं रेस मिनिटाला ८५० फेऱ्यांवर आणायची. लहान व्हॉल्यूम स्क्रू हळूहळू सोडत रेस जास्तीत जास्त वाढेल तिथे थांबायचं, मग वीस-तीस फेरे कमी होतील इतका आत घ्यायचा आणि बायपासनं पुन्हा ८५० करायची. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला आयडलिंगसाठी हात लावायचा नाही. नंतर गाडी चोर्ल्याला न्यावी. घाटमाथा सुमारे आठशे मीटरवर आहे, तिथे हवा सात-आठ टक्के विरळ आणि मिश्रण किंचित रिच होतं. वर थांबून इंजिन बंद केलं, तर धगीनं वाटीतलं पेट्रोल उकळून घशात उतरतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. काही सेकंदांत इंजिन पकडलं आणि केरीपर्यंतच्या उतारावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजले नाहीत, तर कार्ब नीट बसला.