मणक्यातला ‘गॅप’

“डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे,” असे कंबर धरून बसलेले काका किंवा मामा सांगतात. पण क्ष-किरणांचे छायाचित्र दिव्यासमोर धरून पाहा. झिजलेल्या जागी दोन मणक्यांमधले अंतर वाढलेले नसते, उलट कमी झालेले असते!

कमरेत एकावर एक असे पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. बाहेर चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर. तरुणपणी या गरात सुमारे ८० टक्के पाणी असते. दिवसभराच्या भाराने त्यातले थोडे बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत शोषले जाते. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने जास्त भरते. भिंतीवर खूण करून हा प्रयोग जरूर करा. वयाबरोबर पाणी धरून ठेवण्याची ही शक्ती घटते, चकती चपटी होते आणि मणके जवळ येतात.

हाडातले कॅल्शियम क्ष-किरण चांगले शोषते. चकतीत मात्र हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन असे हलके अणू. त्यांतून किरण बरेचसे आरपार जातात. त्यामुळे चकतीच्या जागी नुसती फट दिसते. ‘गॅप’ हा शब्द या फटीवरूनच रूढ झाला असावा.

मग चकतीतले पाणी पाहायचे कसे? हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, चिमुकल्या चुंबकासारखे वागते. एमआरआय यंत्राच्या १.५ टेस्ला क्षेत्रात (पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट!) त्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. याच वारंवारतेचे रेडिओतरंग सोडले की अनुस्पंदन होते. तरंग थांबवल्यावर प्रोटॉनांकडून येणारा संदेश पाणीदार चकतीत जास्त वेळ टिकतो. म्हणून विशिष्ट पद्धतीने घेतलेल्या चित्रात ती पांढरी दिसते, तर सुकलेली चकती काळी. हा रंग आणि चकतीची उंची पाहून झिजेच्या पाच पायऱ्या ठरविण्याची पद्धत फिरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडली.

इतके स्पष्ट चित्र मिळाल्यावर निदान सोपे झाले असे वाटेल. पण १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांची निदान एक चकती फुगलेली निघाली! काळी किंवा फुगलेली चकती म्हणजे दुखण्याचे कारण, असे धरून चालत नाही.

यासाठी डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतात आणि किती अंशांवर कळ पायात उतरते ते लिहून ठेवतात. बधिरपणा कोठे आहे, पायाचा अंगठा जोर लावून वर उचलता येतो का, हेही नोंदवतात. अंगठ्याचे हे बळ मुख्यतः कमरेच्या पाचव्या मज्जातंतूवर अवलंबून असते, आणि चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली तर बहुधा तोच दाबला जातो. उजवा अंगठा दुबळा असेल आणि चित्रात त्याच चकतीचा फुगवटा उजव्या बाजूला असेल, तरच दोन्ही नोंदींचा मेळ बसतो. फुगवटा डावीकडे निघाला, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.